टँपा बे परिसरातील घरमालकांसाठी हरिकेनच्या तयारीचे नियम

धागाकर्ता: गल्फकाठ

अटलांटिकमधील हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा, हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. दरवर्षी मे महिना उजाडला की फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील सेंट पीटर्सबर्ग, क्लिअरवॉटर आणि टँपा भागात नव्याने घर घेतलेली आपली मंडळी पाणी किती साठवावे, जनरेटर कोणता घ्यावा, खिडक्यांना प्लायवूड पुरेल का, असे प्रश्न विचारू लागतात. हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु २०२४ च्या हेलीन आणि मिल्टन या दोन वादळांनंतर माझे ठाम मत झाले आहे की घरमालकाने त्याआधी काही कागद वाचले पाहिजेत. घर कोणत्या स्थलांतर झोनमध्ये आहे, कोणत्या पूरक्षेत्रात आहे, विमा नेमका कशाचा आहे, आणि पाणी शिरलेच तर शहर दुरुस्तीचा परवाना कोणत्या अटींवर देते, या गोष्टी वादळाचे नाव बातम्यांत येण्यापूर्वीच ठाऊक असाव्यात, कारण त्यानंतर त्यांतील बहुतेक गोष्टी बदलता येत नाहीत.

सर्वांत मोठा गोंधळ दोन नकाशांचा असतो. फेमाचा, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा, पूरनकाशा विम्यासाठी आणि बांधकामाच्या नियमांसाठी असतो. त्यात एई, व्हीई, एक्स अशी क्षेत्रे असतात. एई आणि व्हीईमध्ये कोणत्याही एका वर्षी पूर येण्याची शक्यता एक टक्का किंवा अधिक धरतात, एक्समध्ये त्याहून कमी. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, स्थलांतर नकाशा पूर्णपणे वेगळा आहे. त्यातील ए ते ई हे झोन वादळाबरोबर समुद्राचे पाणी किनाऱ्यावर किती चढू शकेल, म्हणजे ज्याला इथे स्टॉर्म सर्ज म्हणतात, त्याच्या अंदाजावर आखलेले आहेत. त्यामुळे पूरनकाशात एक्स क्षेत्रात असलेले, म्हणून बँकेने पूरविमा न मागितलेले घर स्थलांतराच्या बी किंवा सी झोनमध्ये असू शकते. ‘आमचे घर पूरक्षेत्रात नाही, मग आम्ही कशाला निघायचे’ हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले आहे, आणि ते धोकादायक आहे. काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की झोन लगेच कळतो. तो कुटुंबातील प्रत्येकाला तोंडपाठ असावा.

हेलीनचे केंद्र आपल्यापासून शंभराहून अधिक मैल दूर समुद्रातून उत्तरेकडे गेले आणि २६ सप्टेंबरच्या रात्री पेरी गावाजवळ, पाचपैकी चौथ्या श्रेणीत जमिनीवर आले. आपल्याकडे वारा फारसा विध्वंसक नव्हता. तरीही सेंट पीटर्सबर्गला समुद्र नेहमीच्या भरतीच्या पातळीवर सहा फुटांहून अधिक चढला, शोअर एकर्ससारख्या सखल वस्त्यांत आणि समुद्राकडच्या बेटांवर हजारो घरांत पाणी शिरले, आणि सेंट पीटर्सबर्ग ज्यात येते त्या पिनेलस काउंटीत किमान १२ माणसे गेली. अंतर आणि श्रेणी या दोन आकड्यांवरून घरी थांबण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. श्रेणी केवळ वाऱ्याचा वेग सांगते. पाण्याविषयी ती काहीच सांगत नाही.

अवघ्या दोन आठवड्यांत, ९ ऑक्टोबरला, मिल्टन आले. त्याचे केंद्र आपल्या दक्षिणेला, सारासोटाजवळच्या सिएस्टा की येथे जमिनीवर आले. ही वादळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे आपल्यासारख्या पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राचे पाणी आत ढकलतो आणि उत्तरेला तो पाणी बाहेर ओढून नेतो. म्हणूनच त्या रात्री टँपा बेचे पाणी चढण्याऐवजी ओसरले. केंद्र थोडे उत्तरेला सरकले असते तर हेलीनपेक्षा कितीतरी अधिक पाणी आले असते. मोठ्या हरिकेनचा थेट तडाखा या भागाला १९२१ नंतर बसलेला नाही, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने लोकांच्या मनात जो निर्धास्तपणा आला आहे, त्याचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

सक्तीच्या स्थलांतराचा आदेश निघाला की तो पाळावा. हेलीनच्या वेळी पिनेलसमध्ये ए झोन आणि सर्व मोबाइल होम्स (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेली हलकी घरे), तर मिल्टनच्या वेळी ए, बी, सी आणि मोबाइल होम्स यांना आदेश होता. मोबाइल होम कोणत्याही झोनमध्ये असले तरी रिकामे करावेच लागते. शेकडो मैल गाडी चालवत जॉर्जियाला जाण्याची गरज नसते. उंचावर, पक्क्या बांधणीच्या घरात राहणारे नातेवाईक किंवा मित्र दहा-वीस मैलांवर असतील तर तेच उत्तम ठिकाण. मात्र त्यांच्याशी बोलणे मे महिन्यातच करून ठेवावे. वारा सतत ताशी चाळीस मैलांच्या आसपास वाहू लागला की पूल बंद होतात आणि रुग्णवाहिका व अग्निशमन दल बाहेर पडत नाहीत. त्या काही तासांत ९११ ला फोन लागला तरी कोणी येऊ शकत नाही.

आपापल्या शहरांचे नियम आणि अनुभव खाली लिहावेत ही विनंती.

प्रतिसाद: नवघर

अत्यंत उपयुक्त धागा. आम्ही नुकतेच एई क्षेत्रातील १९५०च्या दशकातील एकमजली बैठे घर घेतले आहे. बाजूच्या घरात हेलीनचे पाणी शिरले होते आणि ते घर आजही रिकामे आहे. पन्नास टक्क्यांच्या नियमामुळे दुरुस्ती अडली आहे असे शेजारी सांगतात. हा नियम काय आहे, कोणी सविस्तर सांगेल का?

प्रतिसाद: गल्फकाठ

नवघर, तुमच्या घराच्या बाबतीत हा नियम इतर सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

राष्ट्रीय पूरविमा योजनेत सहभागी असलेल्या प्रत्येक शहराला फेमाची अट पाळावी लागते. विशेष पूरक्षेत्रातील, म्हणजे एई किंवा व्हीईसारख्या क्षेत्रातील, घराच्या दुरुस्तीचा किंवा सुधारणेचा खर्च त्या इमारतीच्या बाजारमूल्याच्या पन्नास टक्के किंवा अधिक झाला, तर संपूर्ण घर आजच्या पूरनियमांनुसार करावे लागते. म्हणजे राहण्याचा मजला पुराच्या आधारभूत पातळीच्या (एक टक्का शक्यतेच्या पुराचे पाणी जिथवर चढेल तिच्या) किमान एक फूट वर न्यावा लागतो. बैठ्या घरासाठी याचा अर्थ ते उचलून खांबांवर बसवणे किंवा पाडून नवे बांधणे. लक्षात घ्या, मूल्य केवळ इमारतीचे धरतात, जमिनीचे नाही. आपल्या भागात जुन्या बैठ्या घराच्या किमतीचा मोठा वाटा जमिनीचा असतो. त्यामुळे पाच लाख डॉलरला घेतलेल्या घराच्या नुसत्या वास्तूचे मूल्य कागदावर दीड लाखच निघू शकते, आणि मग पंचाहत्तर हजारांची दुरुस्ती मर्यादेला टेकते. आज बांधकामाचे दर पाहता स्वयंपाकघर, फरशी आणि चार फुटांपर्यंतचे ड्रायवॉल (भिंतींवरील जिप्समचे पत्रे) एवढ्यानेच तो आकडा गाठला जातो.

काही शहरे एका वर्षातील सर्व परवान्यांचा खर्च एकत्र धरतात. म्हणून वादळाच्या आधीच्या वर्षी तुम्ही हौसेने केलेले स्नानगृहाचे नूतनीकरणसुद्धा मोजले जाऊ शकते. काउंटीने कर आकारणीसाठी लावलेले मूल्य कमी वाटत असेल, तर परवानाधारक मूल्यमापकाकडून इमारतीचे स्वतंत्र मूल्यांकन करून घेण्याची मुभा असते, आणि ते वादळापूर्वी केलेले असेल तर काम पुष्कळ सोपे होते. पूरविम्याच्या पॉलिसीत घर नियमांनुसार करण्यासाठी ३०,००० डॉलरपर्यंतची वेगळी तरतूद असते. ती पुष्कळांना ठाऊक नसते. घर उचलण्याचा खर्च त्याहून बराच जास्त असतो हे खरे, तरी ती रक्कम मागायला विसरू नये.

प्रतिसाद: जुनाबंगला

मी या नियमाशी सहमत नाही आणि ते स्पष्टपणे मांडतो. आमच्या गल्लीतील निवृत्त लोकांनी कर्ज फेडलेल्या घरात आयुष्य काढले आहे. घर उचलण्याचा खर्च त्यांना परवडत नाही, विकायला गेले तर केवळ जमिनीचा भाव मिळतो, आणि विकत घेणारे तिथे तिमजली घरे बांधतात. सुरक्षिततेच्या नावाखाली किनाऱ्यावरून सामान्य माणूस हटवला जात आहे. नुकसान झालेल्या माणसाला आधी राहण्यायोग्य घर मिळू द्यावे, पातळीचा विचार नंतर व्हावा.

प्रतिसाद: गल्फकाठ

तुमची वेदना खरी आहे आणि ती मीही रोज पाहतो. मला नियमापेक्षा त्याबरोबर येणारी मदत अपुरी वाटते. पण त्याच पातळीवर तेच घर पुन्हा उभे केले तर पुढच्या सर्जमध्ये तेच कुटुंब त्याच संकटात सापडेल, आणि त्या वेळी ते अधिक वयस्क असेल. शिवाय शहराने नियम ढिला सोडला तर फटका सगळ्यांनाच बसतो. २०२२ च्या इयन वादळानंतर ली काउंटीत विनापरवाना दुरुस्त्या झाल्याच्या कारणावरून फेमाने २०२४ मध्ये तेथील काही शहरांची पूरविम्यावरील २५ टक्के सवलत काढून घेण्याचा इशारा दिला होता. घर उंच करण्यासाठी राज्याने २०२५ मध्ये ‘एलिव्हेट फ्लोरिडा’ ही योजना सुरू केली आहे. त्यात खर्चाचा मोठा हिस्सा शासन उचलते. अर्ज स्वीकारणे सुरू असेल तेव्हा आपल्या शेजाऱ्यांना ते भरण्यात मदत करणे हे या धाग्यावरील प्रत्येकाला जमण्यासारखे काम आहे.

प्रतिसाद: स्थापत्य

पाण्याविषयी पुरेसे लिहून झाले आहे, म्हणून मी वाऱ्याविषयी लिहितो. व्यवसायाने मी इमारतींच्या संरचनेचे काम करतो.

फ्लोरिडाचे आजचे बांधकाम नियम २४ ऑगस्ट १९९२ च्या अँड्र्यू वादळातून आले. मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड परिसरात त्या पहाटे जी घरे कोसळली, त्यांपैकी अनेकांची सुरुवात एका खिडकीपासून किंवा गॅरेजच्या दारापासून झाली होती. दार आत ढकलले गेले की वारा घरात शिरून छपराला खालून रेटतो, आणि वरून जाणारा वारा त्याच वेळी ते वर ओढत असतो. दोन्ही बळे एकत्र झाली की छप्पर उचलले जाते. संपूर्ण राज्याला लागू होणारी एकच नियमावली २००२ मध्ये आली. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंट्यांत सर्वांत कडक नियम आहेत. तिथे खिडकी किंवा शटर मंजूर होण्यासाठी सुमारे नऊ पौंड वजनाचा लाकडी वासा सेकंदाला ५० फूट वेगाने त्यावर मारतात आणि त्यानंतर दाब आलटून पालटून हजारो वेळा देतात. आपल्या काउंटीत तेवढी सक्ती नाही, तरीही विकत घेताना मायामी-डेडची मंजुरी असलेले शटर किंवा काच मागावी, असा माझा सल्ला आहे. काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याचा काहीही उपयोग नाही.

घरमालकाने स्वतः पाहण्यासारखी एक जागा म्हणजे माळा. विजेरी घेऊन भिंतीच्या कडेपर्यंत जावे आणि छपराचा वासा भिंतीला कशाने धरला आहे ते पाहावे. केवळ तिरके ठोकलेले खिळे दिसले तर ती सर्वांत कमकुवत जोडणी. बाजूला धातूची क्लिप असेल तर तिला किमान तीन खिळे आहेत का ते मोजावे. पट्टी वाशावरून वळून दुसऱ्या बाजूला ठोकलेली असेल तर उत्तम. नंतर वर पाहावे. छपराच्या फळ्यांतून खाली आलेली खिळ्यांची टोके सहा इंचांवर आहेत की बारा, हे सहज दिसते. ‘विंड मिटिगेशन’, म्हणजे घर वाऱ्यात किती टिकेल याची, तपासणी करणारा माणूस नेमकी हीच छायाचित्रे काढतो, आणि त्याच्या अहवालावर वादळी वाऱ्याच्या विम्याचा हप्ता ठरतो. जोडणी चांगली असूनही अहवाल न दिल्यामुळे वर्षानुवर्षे जादा हप्ता भरणारी घरे मी पाहिली आहेत.

गॅरेजच्या दारावर वाऱ्याच्या दाबाची चिठ्ठी आहे का ते पाहावे. ती नसेल आणि दार जुने असेल, तर पैसा मर्यादित असताना खिडक्यांच्याही आधी ते दार बदलावे असे मी म्हणेन. राज्याच्या ‘माय सेफ फ्लोरिडा होम’ योजनेत पात्र घरमालकांना विनामूल्य तपासणी मिळते आणि एका डॉलरमागे दोन डॉलर या प्रमाणात १०,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळते. निधी लवकर संपतो, म्हणून अर्जाच्या तारखांवर लक्ष ठेवावे. शटर बसवण्यासाठीही शहराचा परवाना लागतो.

प्रतिसाद: हिरवाचाफा

आमच्या वसाहतीच्या संघटनेने शटरचा रंग आणि प्रकार यांवरून आमचा अर्ज अडकवून ठेवला आहे. त्यांना तसा अधिकार आहे का?

प्रतिसाद: स्थापत्य

रंग आणि शैली ठरवण्याचा आहे, संरक्षणच नाकारण्याचा नाही. २०२४ मध्ये झालेल्या राज्याच्या कायद्यानुसार प्रत्येक एचओएने, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेने, हरिकेन संरक्षणाचे निकष लेखी ठरवणे बंधनकारक आहे, आणि त्या निकषांत बसणारा अर्ज फेटाळता येत नाही. त्यांच्याकडे लेखी निकषांची प्रत मागा आणि उत्तरही लेखीच घ्या.

एक गोष्ट मात्र पाळावी. वादळ गेल्यावर शटर काढावे किंवा उघडावे. बंद शटरच्या घरात आग लागली तर खिडकीतून बाहेर पडता येत नाही.

प्रतिसाद: रेवदंडेकर

माझे आईवडील दर उन्हाळ्यात रायगडहून आमच्याकडे येतात. २०२० चे निसर्ग चक्रीवादळ त्यांनी पाहिले आहे. त्यात पत्रे, कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पण घराच्या भिंती उभ्या राहिल्या आणि लोक त्या भिंतींच्या आडोशाने वाचले. त्यामुळे पक्के घर सोडून निघायचे हे त्यांना पटतच नाही. हेलीनच्या वेळी त्यांना समजावण्यात आमचे फार मोलाचे तास गेले. अखेर शेजारच्या काकूंनी आधीच्या एका वादळातील आपल्या घराचे फोटो दाखवले तेव्हा त्यांना पटले. पाणी दारातून आले नव्हते. ते आधी शॉवरच्या जाळीतून वर आले, मग भिंतीच्या तळपट्टीखालून, आणि दारापाशी रचलेल्या वाळूच्या पिशव्या जागच्या जागी असतानाच फ्रिज तरंगून आडवा झाला होता.

ज्यांच्याकडे आईवडील आलेले असतात त्यांनी त्यांचे पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रे, औषधांची चिठ्ठी आणि प्रवासविम्याचा कागद जलरोधक पिशवीत एकत्र ठेवावा. पासपोर्ट भिजला किंवा हरवला तर फ्लोरिडातील लोकांना अटलांटाच्या भारतीय वाणिज्य दूतावासाशी संपर्क करावा लागतो. इन्सुलिन असेल तर थंड ठेवण्याची सोय आधी करावी. ऑक्सिजन किंवा इतर यंत्रांवर अवलंबून असलेल्यांसाठी काउंटीची विशेष निवारा केंद्रे असतात, पण त्यांची नोंदणी हंगामापूर्वीच करून ठेवणे शहाणपणाचे आहे.

प्रतिसाद: गल्फकाठ

हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वाळूच्या पिशव्यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पावसाचे साचलेले थोडे पाणी त्या थोपवू शकतात, सर्ज नाही.

अंगणाविषयी थोडक्यात. वादळाचा ‘वॉच’ (वादळ येण्याची शक्यता) साधारण ४८ तास आधी आणि ‘वॉर्निंग’ (वादळ येणार असा इशारा) ३६ तास आधी जाहीर होते. वॉच निघाल्यावर झाडे छाटायला घेऊ नयेत. कचरा उचलणाऱ्या गाड्या थांबतात आणि रस्त्याकडेला ठेवलेल्या फांद्या वाऱ्यात उडून दुसऱ्याच्या काचेवर जातात. मिल्टन येताना हेलीनमध्ये भिजलेले सोफे, ड्रायवॉल आणि गाद्यांचे ढीग अजूनही रस्त्यावर होते, आणि ते उचलण्यासाठी प्रशासनाला दिवसरात्र धावपळ करावी लागली. कुंड्या, खुर्च्या, ग्रिल, मुलांच्या सायकली आत घ्याव्यात. पोहण्याचा तलाव रिकामा करू नये. जमिनीतील पाणी चढल्यावर रिकामा तलाव खालून उचलला जाऊन फुटतो. पंपाची वीज मात्र बंद करावी.

बेटांवर घर असलेल्यांनी शेरीफच्या कार्यालयाकडून पुनर्प्रवेशाचा परवाना आधीच घेऊन ठेवावा. तो गाडीत नसेल तर वादळानंतर पुलावरच अडवले जाते.

प्रतिसाद: विद्युतवाहन

दोन गोष्टी जोडतो. हेलीननंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विद्युत गाड्यांच्या बॅटऱ्या पेटल्याच्या घटना आपल्याच भागात घडल्या. खारे पाणी बॅटरीत शिरले की आग लगेच लागेलच असे नाही. काही दिवसांनीही लागू शकते. ए किंवा बी झोनमधील गॅरेजमध्ये अशी गाडी सोडून जाऊ नये. ई-सायकली आणि ई-स्कूटर यांनाही हेच लागू आहे. भिजलेली गाडी सुरू करून पाहू नये. ती इमारतीपासून निदान ५० फूट दूर ओढून नेण्याची व्यवस्था करावी.

जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावर आणि धुराचे तोंड खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला करून चालवावा. गॅरेजचे दार उघडे ठेवून आत चालवणे सुरक्षित नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वादळानंतर वीज गेलेल्या घरांत झोपेतच मृत्यू होतात. त्याची तार भिंतीच्या सॉकेटमध्ये घालून घरात वीज खेळवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. ती वीज उलट्या दिशेने बाहेरच्या तारांत जाते आणि दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा जीव घेऊ शकते.

प्रतिसाद: नवघर

सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न विम्याचा. पूरविमा आज घेतला तर लगेच लागू होईल का? आमच्या घरविम्यात हरिकेन शब्द आहे, म्हणून आम्ही वेगळा घेतला नव्हता.

प्रतिसाद: गल्फकाठ

घरविम्यातील हरिकेनचे संरक्षण वाऱ्यापुरते असते. जमिनीवरून वाहत आलेले पाणी त्यात येत नाही. त्यासाठी पूरविमा वेगळाच लागतो. राष्ट्रीय योजनेत इमारतीसाठी कमाल २,५०,००० डॉलर आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात. सामानाचे संरक्षण आपोआप येत नाही, ते मागून घ्यावे लागते. पॉलिसी घेतल्यापासून ती लागू होण्यास ३० दिवस लागतात. घरकर्ज घेताना त्याच व्यवहाराचा भाग म्हणून घेतली तर हा कालावधी नसतो, पण तुमचा व्यवहार पूर्ण झालेला असल्यामुळे तुम्हाला तीस दिवस धरूनच चालावे लागेल. खाजगी कंपन्यांचा कालावधी काही वेळा कमी असतो, तोही विचारून पाहा. राज्याच्या सिटिझन्स कंपनीचा घरविमा असेल तर पूरविम्याची सक्ती टप्प्याटप्प्याने वाढत आहे. २०२७ पासून ती वाऱ्याचे संरक्षण असलेल्या जवळजवळ सर्व घरांना लागू होईल. आणि वॉच किंवा वॉर्निंग जाहीर झाली की कंपन्या नवा घरविमा देणे किंवा रक्कम वाढवणे थांबवतात.

घरविम्याच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर हरिकेनची वजावट वेगळी छापलेली असते. ती बहुधा घराच्या विमारकमेच्या दोन, पाच किंवा दहा टक्के असते. चार लाखांच्या विम्यावर पाच टक्के म्हणजे पहिले वीस हजार तुमचे. तेवढी रक्कम हाताशी राहील असे नियोजन करा. नुकसानीची सूचना वादळापासून एका वर्षाच्या आत द्यावी लागते. आज संध्याकाळी प्रत्येक खोलीचे, कपाटांच्या आतले आणि उपकरणांवरील क्रमांकांचे चित्रीकरण करून ते घराबाहेर कुठेतरी साठवा, आणि उद्या सकाळी एजंटला फोन करा. मे संपायच्या आत पूरविम्याची पॉलिसी निघाली तर जून संपताना ती लागू झालेली असेल.